पिल्लापुढे बोंडू
प्रस्तावना

एप्रिलमध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात काजूची दारू गाळायची भाटी डोळ्यांआधी नाकाला सापडते. आंबूस, गोडसर, जरा डोक्यात चढणारा वास रस्त्यापर्यंत आलेला असतो. त्या वासाच्या मागे गेले की आधी कोळंबी दिसते. म्हणजे बोंडू तुडवायची कातळातली कुंडी. तुडवलेला लगदा वेलीने आवळून बांधतात, वर दगडांचे ओझे ठेवतात आणि थेंबथेंब गळतो तो नीरो. रस आंबवून एकदा उकळला की हुराक, पुन्हा उकळला की फेणी. या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिच्यावर लेख झाले, सहली निघाल्या, कौतुक झाले. भाटीच्या मागच्या बाजूला पडलेल्या चोथ्याच्या ढिगाकडे मात्र घोंघावणाऱ्या माशा सोडल्या तर कोणी फिरकत नाही.

माशा आणि डुकरे. काही वर्षांपूर्वी अशाच एका ढिगापाशी मी दोन मोठी डुकरे पाहिली. तोंडे खुपसून, डोळे अर्धवट मिटून त्यांचे खाणे चालले होते. शेजारी एक पिल्लू होते, नुकतेच दूध तुटलेले. त्याने हुंगले, एक घास घेतला, दोनदा चावला आणि ओठांच्या कडेने तसाच गळू दिला. मग ते मागे सरले आणि आईच्या पोटाशी घुसू लागले. आईने त्याला ढकलून दिले. भाटीवाला हसून म्हणाला, “ल्हान आसा, शिकतलें.”

ते शिकणार होते, की ते बरोबर होते आणि भाटीवाला चूक? ही पुस्तिका त्या एका प्रश्नापायी लिहिली गेली. काजूच्या बोंडूचा वाळवून केलेला भरडा दूध तोडलेल्या पिल्लांच्या खाद्यात घालता येतो का, घातला तर किती, आणि हे घरच्या घरी किंवा छोट्या फार्मवर प्रामाणिकपणे कसे तपासायचे, एवढाच तिचा आवाका. मूठभर माणसांचा विषय आहे, मान्य. तरी प्रस्तावना लांबली आहे, कारण हा प्रश्न वरून दिसतो तितका साधा नाही.

आधी बोंडूविषयी. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने ते फळच नव्हे. झाडाचे खरे फळ म्हणजे खाली लोंबणारी काजूची बी. बोंडू हा तिचा फुगलेला, रसाळ देठ. म्हणजे ‘फळाचा भरडा’ हे आपल्या विषयाचे नावच थोडे खोटे आहे. पण झाडाखाली बोंडू वेचणाऱ्या बाईला हे सांगायला गेलात तर ती तुमच्याकडे ज्या नजरेने पाहील ती मी पाहिली आहे. फळच म्हणू.

हे झाड ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्यावरचे. पोर्तुगिजांनी ते सोळाव्या शतकात इकडे आणले. काजू हा शब्दही तिथल्या तुपी भाषेतून पोर्तुगिजांच्या तोंडून आपल्याकडे आला. आपण बी उचलली आणि देठ टाकला. बीच्या वजनाच्या साधारण आठ ते दहा पट बोंडू असतो. देशात दरवर्षी सात-आठ लाख टन काजू बी निघते असे धरले, तर साठ-सत्तर लाख टन बोंडू कुठे जातो याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. गोव्यात त्यातला काही भाग भाटीत जातो. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत दारू गाळण्याचे कायदे वेगळे, त्यामुळे दोडामार्ग-सावंतवाडीकडचा थोडाफार बोंडू हद्द ओलांडून गोव्यातल्या भाट्यांकडे जातो, थोड्याचे सरबत-सिरप होते आणि बाकीचा झाडाखाली कुजतो. बागायतदार बी पिळवटून काढतो आणि बोंडू पायाने बाजूला सारतो. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काजूच्या एकाहून एक जाती दिल्या. त्यांची ख्याती मोठ्या बीसाठी. मोठ्या बीबरोबर मोठा बोंडूही झाडावर येतोच, आणि तोही तसाच खाली पडतो.

आता डुकराविषयी. आपल्या भाषेने या जनावराची दोन नावांत वाटणी केली आहे. सरकारी कागदावर ते ‘वराह’ आणि गल्लीत ‘डुक्कर’. विष्णूने अवतार घेतला तेव्हा वराह, आणि गटाराकाठी दिसले की डुक्कर. योजनांच्या पत्रकात ‘वराहपालन’ वाचून आलेला तरुण घरी जाऊन “मी डुकरे पाळणार” म्हणतो तेव्हा घरात काय होते हे मी अनेकदा ऐकले आहे. महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या हे जनावर सांभाळले ते कैकाडी, वडार अशा समाजांनी. त्यांच्या ज्ञानाला आपल्या पशुसंवर्धनाच्या पुस्तकांत जवळजवळ जागा नाही. गोव्यात चित्र वेगळे. तिथे शोरिझ, सोरपोतेल, विंदालू यांच्यामुळे डुकराला स्वयंपाकघरात मानाची जागा आहे, आणि काणकोणातल्या आगोंदच्या नावाची ‘आगोंदा गोवन’ ही देशी जात राष्ट्रीय पातळीवर नोंदवली गेली आहे. छोटी, काळी, काटक, कमी खाऊन भागवणारी जात. २०१९ च्या पशुगणनेत देशभर ९०.६ लाख डुकरे मोजली गेली. २०१२ च्या तुलनेत सुमारे बारा टक्क्यांनी कमी.

नावे दोन असली तरी एका समजुतीवर गल्ली आणि सरकार दोघांचे एकमत आहे: डुकराला काहीही चालते. पशुपालनात याच्याइतके आळशी वाक्य दुसरे नसेल. डुक्कर काहीही *तोंडात घेते*, हे खरे. त्यातले काय पचते, काय अंगी लागते आणि काय नुसते एका टोकाने आत जाऊन दुसऱ्या टोकाने बाहेर पडते, हा वेगळा विषय. दूध तोडलेल्या पिल्लाच्या बाबतीत तर ते वाक्य सरळ चूक आहे.

जन्मलेल्या पिल्लाचे आतडे दुधासाठी बांधलेले असते. दुधातली साखर फोडणारे विकर भरपूर, पण पिष्ट आणि उसाची साखर फोडणारी विकरे जवळजवळ नाहीत. ती आठवड्या-आठवड्याने हळूहळू वाढतात. पहिल्या आठवड्यातल्या पिल्लाला साखरेचे पाणी पाजले तर त्याला जीवघेणी हगवण लागते. फळातली साखर, म्हणजे फ्रुक्टोजही, त्या वयात त्याच्या कामाची नाही. नंतर दूध तुटते. कालपर्यंत तासा-तासाला कोमट दूध होते, आज कुंडीत कोरडा भरडा आहे. आई नाही, कप्पा नवा, शेजारची पिल्ले अनोळखी. पिल्लू एक-दोन दिवस खातच नाही. आतड्याच्या अस्तरावर मखमलीसारखी लव असते, अन्नरस तिच्यातूनच शोषला जातो. त्या उपासात आणि नंतरच्या चार-पाच दिवसांत ही लव आखूड होते. पोटातले आम्लही अजून पुरेसे नसते. अशा आतड्यात न पचलेले काही गेले की जंतूंची चंगळ. दूध तुटल्यानंतरची हगवण हा जगभरच्या डुक्करपालकांचा जुना शत्रू आहे, आणि तिच्यावर इतकी वर्षे प्रतिजैविकांचा मारा झाला की शेवटी सरकारांना मध्ये पडावे लागले. युरोपीय संघाने वाढीसाठी दिली जाणारी प्रतिजैविके २००६ पासून बंद केली. भारताने २०१९ मध्ये जनावरांसाठी कोलिस्टिन या प्रतिजैविकावर बंदी घातली. २०२२ मध्ये युरोपात पिल्लांच्या खाद्यातले औषधी मात्रेतले झिंक ऑक्साइडही गेले. कुबड्या एकेक करून काढल्या जात आहेत, म्हणून खाद्य मुळातच बरे असण्याला आज जास्त किंमत आहे.

मोठ्या डुकरिणीचे तसे नाही. तिच्या मोठ्या आतड्यात चोथा आंबतो आणि त्यातून तिला बरीच ऊर्जा मिळते. तिच्यापुढे बोंडूचा ढीग टाकला तर ती निभावून नेईल. म्हणून एखादे नवे खाद्य तपासायचे असेल तर मी नेहमी पिल्लाकडे जातो. गावातल्या लग्नात स्वयंपाक कसा झाला हे भुकेल्या पाहुण्याला कोणी विचारत नाही. आजारातून उठलेल्या आजीला विचारावे.

बोंडूत काय आहे? ताज्या बोंडूत शेकडा पंच्याऐंशीच्या आसपास पाणी. उरलेल्यात बरीचशी साखर, थोडा चोथा, थोडी प्रथिने आणि टॅनिन. पहिला घास घेतल्यावर जीभ आकसते आणि घसा खवखवतो तो या तुरटपणाचा परिणाम. कोकणात बोंडूच्या फोडी मिठात घालून ठेवायची जी रीत आहे ती तुरटपणा मारण्यासाठीच. टॅनिन प्रथिनांना चिकटते. जिभेवर ते लाळेतल्या प्रथिनांना धरते म्हणून तोंड कोरडे पडते. आतड्यात ते खाद्यातल्या प्रथिनांना आणि विकरांना धरते म्हणून पचन मंदावते. त्या पिल्लाने घास गळू दिला तो हट्टाने नव्हे, त्याच्या जिभेने इशारा दिला म्हणून.

पण टॅनिनलाच खलनायक ठरवून मोकळे होऊ नका. स्पेनच्या एक्स्त्रेमादुरा प्रांतात ओकच्या विरळ रानांत इबेरियन डुकरे शरदात आणि हिवाळ्यात ओकची फळे खाऊन चरबी धरतात, आणि त्यांच्या मांडीचे सुकवलेले मांस जगात सर्वांत महाग मांसांमध्ये गणले जाते. शेजारच्या पोर्तुगालच्या आलेंतेजू भागातही तेच. ओकच्या फळात टॅनिन भरपूर असते. घोडे आणि गुरे ती जास्त खाऊन विषबाधेने मरतात, डुक्कर मात्र निभावते, कारण टॅनिनयुक्त खाद्य मिळत गेले की त्याच्या लाळग्रंथी वाढतात आणि टॅनिनला बांधून टाकणारी लाळ जास्त सुटते. गंमत पाहा, ज्या देशाने आपल्याला काजूचे झाड दिले त्याच्या घरची डुकरे शतकानुशतके तुरट फळावरच पोसली जात होती. मात्र तिकडे ओकच्या रानात सोडतात ती मोठी, हाडापेराने भरलेली डुकरे असतात. दूध तुटलेले पिल्लू कोणी सोडत नाही. चेस्टनटच्या झाडाचे टॅनिन अगदी चिमूटभर प्रमाणात पिल्लांच्या खाद्यात घालून हगवण कमी होते का, हे युरोपात आवर्जून तपासले गेले आहे. तेच द्रव्य, मात्रा वेगळी, म्हणून प्रश्नही वेगळा.

बोंडूच्या बाजूने बोलणारे लोक जीवनसत्त्व ‘क’चा दाखला हमखास देतात. संत्र्यापेक्षा चार-पाच पट, हे खरे. पण डुक्कर हे जीवनसत्त्व स्वतःच्या यकृतात बनवते. ज्यांना ते बनवता येत नाही अशा प्राण्यांत माणूस आणि गिनीपिग येतात. नावात ‘पिग’ असले तरी गिनीपिग डुकराच्या नात्यातला नाही. शिवाय उन्हात वाळवताना हे जीवनसत्त्व बरेचसे उडून जाते. म्हणून ‘क’चे कौतुक सरबताच्या बाटलीवर शोभेल, डुकराच्या कुंडीत त्याला काही भाव नाही.

वेगळ्या फळांचे खाद्य ही काही कोकणी माणसाला सुचलेली पहिली कल्पना नाही. एक्वादोरमध्ये निर्यातीतून बाद झालेली केळी डुकरांना घालायची पद्धत आहे, आणि तिथल्या व फ्रेंच अँटिलीज बेटांवरच्या संशोधकांनी १९६० नंतरच्या दशकांत तिचा कसून अभ्यास केला. निष्कर्ष आपल्या घरातही कळेल असा: कच्च्या केळ्यातले टॅनिन डुकराला नको असते, पिकल्यावर तेच केळे ते आवडीने खाते. लिंबूवर्गीय फळांचा रस काढून उरलेली साल वाळवून गुरांना घालतात. डुकरांना आणि कोंबड्यांना घालताना मात्र बिया जपून, कारण त्यांतले लिमोनिन त्यांना बाधते. कोस्टा रिकात पेजिबाये या ताडवर्गीय झाडाचे फळ वापरले गेले, पण कच्चे फळ प्रथिनांचे पचन अडवते, उकडले की ते सुधारते. आपल्याकडे आंब्याची कोय आणि फणसाची आठळी यांचेही तेच. फळ तेच असले तरी कच्चे, पिकलेले, उकडलेले, वाळवलेले, आंबवलेले ही सगळी वेगवेगळी खाद्ये आहेत. ‘बोंडू चालतो का’ असा प्रश्न म्हणून अर्धाच आहे. झाडाखालचा अख्खा बोंडू की भाटीमागचा चोथा? चोथ्यातली साखर रसाबरोबर निघून गेलेली असते, मागे राहतो तो तंतू. एकाच पोत्यावर दोघांचे एकच नाव लिहिणे ही पहिली चूक, आणि ती फार जण करतात. मीही केली आहे.

दुसरी चूक अधिक खोल आहे. बोंडूचा भरडा खाद्यात ‘घालायचा’ असे आपण म्हणतो, पण कुंडीत जागा ठरलेली असते. पंधरा टक्के बोंडू आत आला की पंधरा टक्के काहीतरी बाहेर गेले. काय गेले? मका गेला तर ऊर्जा कमी झाली. सोयापेंड गेली तर प्रथिने गेली, आणि प्रथिनांतले लायसीन गेले. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेचे २०१२ चे कोष्टक अकरा ते पंचवीस किलोच्या पिल्लाच्या खाद्यात पचणारे लायसीन सुमारे १.२३ टक्के मागते. मक्यात ते पाव टक्क्याच्या आसपास. बोंडूकडूनही फार अपेक्षा ठेवू नये. सोयापेंडीच्या जागी बोंडू घालणारा माणूस खाद्य स्वस्त करत नाही, पिल्लू खुजे करतो. माझे मत स्पष्ट आहे: बोंडूने मक्याच्या किंवा भाताच्या कोंड्याच्या जागेवर बसावे, आणि तेही थोड्या जागेवर. पेंडीला हात लावू नये.

आता तपासणीकडे. पुढच्या प्रकरणांत तिची कृती पायरीपायरीने दिली आहे, म्हणून इथे फक्त जिथे माणसे घसरतात त्या जागा दाखवतो.

चांगल्या वाढीची पिल्ले एका कप्प्यात आणि किरकोळ दुसऱ्यात, आणि मग चांगल्यांना नवे खाद्य: असे मुद्दाम कोणी करत नाही, पण हात आपोआप तसा जातो. म्हणून एका वेताची पिल्ले सगळ्या गटांत वाटून टाकावीत आणि कुठले पिल्लू कुठे जाईल हे चिठ्ठीने ठरवावे. दुसरी गोष्ट ऐकायला विचित्र वाटते. पाच पिल्ले एका कुंडीत खात असतील तर तुमच्याकडे पाच निरीक्षणे नाहीत, एकच आहे. कुंडी एक, खाद्य एक, दांडगे पिल्लू आधी खाणार आणि भित्रे शेवटी. तिथे मोजायचे एकक पिल्लू नव्हे, कप्पा. दोन कप्प्यांची तुलना करून “सिद्ध झाले” म्हणणारे अहवाल मी वाचले आहेत, आणि ते लिहिणारी माणसे चांगली शिकलेली होती.

तिसरी गोष्ट वजनाची, आणि तिच्यावर जरा थांबायला हवे. तंतू जास्त असलेले खाद्य पोटात पाणी धरून ठेवते. आतडे जड होते. तराजूवर पिल्लू भरते, पण त्या भरण्यात अंग किती आणि पोट किती हे तराजू सांगत नाही. चोथा खाणारी पिल्ले पहिल्या पंधरवड्यात तुलनेच्या गटाच्या बरोबरीने चाललेली दिसतात, मालक खूश होतो, आणि कापल्यावर कसाई सांगतो की मांस कमी पडले. म्हणून वजन रोज सकाळी खाद्य घालण्याआधी, ठरलेल्या वेळी घ्यावे. शक्य असेल तर शेवटी कापल्यानंतरच्या मांसाचे वजनही नोंदवावे. आणि जमिनीवर सांडलेले खाद्य पिल्लाने ‘खाल्ले’ असे धरू नये. पिल्ले फार सांडतात. न आवडलेले तर मुद्दाम सांडतात, असे मला नेहमी वाटत आले आहे, पण ते मी सिद्ध केलेले नाही.

चौथी गोष्ट पैशाची. “बोंडू फुकट आहे” हे या विषयातले दुसरे आळशी वाक्य. बोंडू फुकट असतो तो झाडाखाली. शंभर किलो ताज्या बोंडूतून वाळवल्यावर हाती येतो पंधरा-सोळा किलो भरडा. बाकी पाणी, आणि ते उडवायला ऊन, ताडपत्री, जागा आणि माणसे लागतात. बोंडू एका दिवसात नासू लागतो, तेव्हा वेचणे, चिरणे आणि पसरणे हे सगळे त्याच दिवशी. हिशेब करून पाहू. दहा पिल्ले, दिवसाला सरासरी एक किलो खाद्य, त्यात पंधरा टक्के भरडा आणि मुदत आठ आठवडे. म्हणजे ८४ किलो भरडा, म्हणजे ताजा बोंडू सव्वापाचशे किलोच्या आसपास. वर्षाला दहा किलो बी देणारी पाच-सहा झाडे. आकडा आटोक्यातला आहे, पण बोंडू येतो तेव्हा बी काढण्याच्या घाईत घरातला एकही हात रिकामा नसतो. मजुरी धरली नाही तर कुठलेही खाद्य स्वस्तच दिसते. विशेषतः घरातल्या बायकांची मजुरी.

आणि पाऊस. इथे माझीच चूक सांगतो. एका वर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही वाळवलेला बोंडू पोत्यांत भरला. वरून खडखडीत, आतून जरासा चिवट. मी मुठीत दाबून पाहिला आणि म्हणालो, झाला. ओलावा मोजायचे यंत्र कपाटात होते, ते काढायचा कंटाळा केला. मिरगाच्या पहिल्या पावसानंतर पोते उघडले तर आत हिरवट-करडी बुरशी आणि हाताला लागणारी ऊब. सगळा माल पुरावा लागला. बुरशीचे विष पिल्लाच्या यकृतावर बसते आणि ते उन्हात परत वाळवून जात नाही. पाहणीतली पिल्ले तयार होती, त्यांना मक्यावरच वाढवले. त्या वर्षी आम्ही एकच गोष्ट सिद्ध केली, आणि ती मला आधीपासून ठाऊक होती.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारेल. सोपे खाद्य आहे की: हॉटेलांतले, लग्नांतले खरकटे. कोकणात आणि गोव्यात कित्येक पालक त्यावरच डुकरे वाढवतात, आणि त्यांना मी नावे ठेवणार नाही, कारण मक्याचे भाव त्यांच्यापेक्षा मला परवडतात. पण २००१ मध्ये ब्रिटनमध्ये लाळ-खुरकुताची जी साथ उसळली तिचा माग नॉर्थम्बरलंडमधल्या एका डुक्कर फार्मवर, न उकळलेल्या खरकट्यापर्यंत गेला. साठ लाखांहून जास्त जनावरे मारावी लागली आणि खरकटे घालण्यावर तिथे बंदी आली. आफ्रिकन स्वाइन फीव्हर २०२० मध्ये भारतात, आसाम-अरुणाचलात, पहिल्यांदा आढळला. त्याचा विषाणू मांसाच्या तुकड्यात फार काळ टिकतो आणि खरकट्यातून आरामात प्रवास करतो. त्यावर औषध नाही. बोंडूत दोष असतील, पण त्यात कोणाच्या ताटातले डुकराचे मांस नसते. खरकटे घालायचेच असेल तर आधी खळखळ उकळा. एवढे वाक्य या पुस्तिकेतून उरले तरी चालेल.

वाचकाला दोन गोष्टी आधीच सांगून ठेवतो. इथे “बोंडू इतके टक्के घाला” असा तयार नुस्खा मिळणार नाही. तुमच्या बोंडूची जात, तो वाळवण्याची रीत, तुमच्या पिल्लांची जात आणि वय, तुमच्याकडे मिळणारा मका, हे सगळे तुमचे आहे. तपासणीसाठी शून्य, दहा आणि वीस टक्के असे तीन गट सुचवले आहेत. शून्याचा गट काढून टाकायचा मोह होतो, कारण त्याचे खाद्य महाग पडते. तो काढू नका. तो नसला तर बाकीच्या दोघांचे काहीच कळत नाही. दुसरे म्हणजे उत्तर “नको” असे आले तर निराश होऊ नका. आठ-दहा किलोच्या पिल्लाला बोंडू नको आणि पंचवीस किलोच्या पुढे चालतो, असे निघाले तरी ते कामाचे उत्तर आहे. मला स्वतःला असेच काहीतरी निघेल असे वाटते. पण मला काय वाटते याला तपासणीत किंमत नाही, म्हणून ते शेवटी लिहिले.

भाटीजवळच्या त्या पिल्लाचे पुढे काय झाले हे लोक विचारतात. दोन महिन्यांनी मी पुन्हा गेलो तेव्हा भाटी थंड पडली होती आणि चोथ्याचा ढीग पावसाने वाहून गेला होता. पिल्लू अंगणात होते, कोंड्याची पेज पीत होते, आणि चांगले वाढले होते.

बोंडूचा हंगाम फेब्रुवारीत सुरू होतो. तराजू त्याआधी तपासून घ्या, आणि ओलावा मोजायचे यंत्र कपाटाबाहेर काढून ठेवा.